तिसरी सही

सन्माननीय अध्यक्ष, मुख्याध्यापक लाकसर, व्यासपीठावरचे पाहुणे, सहकारी, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि ज्यांच्यासाठी आज अर्ध्या सा-डेक गावानं फुलांच्या कुंड्या आणल्या त्या ख्वेबाई,

लिहून आणलेलं कौतुक बाजूला ठेवते. बाई निवृत्तीच्या दोन वर्षं आधीच का निघाल्या, हे इथे प्रत्येकाला ठाऊक आहे. मग मोठ्यानं कुणी का म्हणत नाही?

मार्चमधला अकरावीचा इंग्रजीचा तास. मागच्या बाकावर आम्ही तिघं सहशिक्षक, निरीक्षक म्हणून. टाचणात वीस विशेषणं होती. पहिलंच आलं ‘नाइस’, आणि वर्गातली थ्वा उठली. “बाई, निबंधात माझी आई नाइस, नदी नाइस, सकाळच्या शेवयासुद्धा नाइस! एवढा स्वस्त शब्द आला कुठून?”

बाईंनी खडू ठेवला. “लॅटिनमधून. तिथे अर्थ होता, ज्याला काही ठाऊक नाही तो.”

“अगंबाई! म्हणजे मी आईला अडाणी म्हटलं?”

“तू नाही गं. सातशे वर्षांपूर्वीचा इंग्रज म्हणाला असता. पुढे त्यांनीच तो नखरेल माणसाला लावला, मग बारीक फरक ओळखणाऱ्याला, आणि शेवटी गोड माणसाला.”

वर्ग हसला, भांडला. प्रत्येकानं आपापल्या आईसाठी दुसरं विशेषण शोधलं. घंटा झाली तेव्हा एकोणीस विशेषणं शिल्लक होती.

अहवालात लिहिलं गेलं, ‘तास वाया.’ खाली तीन सह्या. तिसरी माझी. त्या तासाला मी स्वतः बाईंचं बोलणं वहीत उतरवून घेत होते, हे खरं. सही केली, हेही खरं. भीती होती की सवय? अजून ठरवता आलेलं नाही.

बाईंना आत्मपरीक्षणाचा कागद लिहायला लावला. त्यांनी एकच ओळ लिहिली: ‘चूक – एका शब्दाला एक तास पुरला नाही.’ मग त्यांचे वरचे वर्ग काढून घेतले. मी माफी मागायला गेले, तर म्हणाल्या, “सही मात्र सुबक करतेस हो, त्रिन्ह.”

लाकसर, घड्याळ पाहू नका, संपतच आलंय. ती सही मी मागे घेते. तसं पत्र तुमच्यासमोरच्या कुंडीखाली ठेवलंय. सोमवारी, दुसरा तास, अकरावी, शिकवणार मी, एकच शब्द. मागचं बाक पुसून ठेवते, निरीक्षकांनी जरूर यावं.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. पत्र मात्र फाइलला लावा.