मोरिताबाईंचा वाकडा कप

प्रबोध: अगं आई, त्यात चहा ओतू नकोस! परत पाठवायचाय तो कप.

संजीवनी: माझा कप तू परत पाठवणार?

प्रबोध: बघ ना जरा. एका अंगाला दबलाय, कड वाकडी. जपानहून इथे यिशुनच्या आपल्या घरापर्यंत मागवायचा आणि हे असं! सकाळी फोन करून चांगलं झापलं मी त्यांना.

संजीवनी: मोरिताबाईंना? अरे देवा! सत्तरी उलटलेली बाई, स्वतःच्या हातांनी घडवलाय त्यांनी.

प्रबोध: हातांनी घडवला म्हणून वाकडा घडवायचा?

संजीवनी: काय बोललास? नीट सांग.

प्रबोध: फोन त्यांच्या मुलीने घेतला, तिला इंग्लिश येतं. म्हटलं, पीस डिफेक्टिव्ह आहे, गोल पाठवा. ती आपली सॉरी, सॉरी. त्या दुसरा करायला बसताहेत म्हणे.

संजीवनी: मला गोल नकोच होता! कुणी सांगितलं होतं तुला मध्ये नाक खुपसायला?

प्रबोध: तुझ्यासाठीच मरतो ना मी! घरातले कप फोडतेस, हॉकर सेंटरला खायला गेलो की कॉफी सांडतेस. म्हटलं, निदान हा तरी धड असावा.

संजीवनी: हो, आणि तिथे चारचौघांत ओरडलास, लक्ष कुठे असतं म्हणून.

प्रबोध: बरं बाई, चुकलं! पण ती मुलगीही भलतंच विचारत होती. ‘आईंचा हात आणखी बिघडला का?’ म्हटलं, कुणाचा हात? काहीतरी घोळ होतोय तुमचा.

(संजीवनी त्याच कपात चहा ओतते आणि एका हाताने उचलते. अंगठा दबलेल्या जागी बसतो.)

प्रबोध: आई... बोटं बघू. कधीपासून असं?

संजीवनी: दिवाळीच्या आधीपासून. मूठ पुरती मिटत नाही.

प्रबोध: आणि त्या बाईंना कसं कळलं?

संजीवनी: तुझी मीटिंग संपेपर्यंत तांजोंग पगारच्या त्या मातीच्या भांड्यांच्या प्रदर्शनात मला बसवून गेलास ना, तेव्हा. त्यांनी एक कप बघायला दिला, मला धरवेना. तर ओल्या मातीचा गोळा माझ्या हातात ठेवला, खुणेने म्हणाल्या, दाबा. त्या मापाचा आहे हा. आता लाव फोन आणि दुसरा थांबव.

प्रबोध: लावतो. पण भाषा न कळणाऱ्या बाईला सांगितलंस, आणि मी रोज समोर असून मला नाही?

संजीवनी: त्यांनी विचारलं रे.