दाजीची गंजी

माझं माहेर सांगलीकडचं, सासर उंब्रजजवळचं. आमच्या आजेसासऱ्यांनी ख्रिस्ती धर्म घेतलेला, गावात आमची चारच घरं, आन् देऊळ म्हंजी शेनानं सारवलेली एक लांबडी खोली. तवा लढाई चाललेली, मालक माझे पल्टनीत, घरात सासूबाई रत्नाबाई आन् मी, दोघीच. काय सांगू तुमाला, तसली बाई मी पुन्ना बघितली न्हाई.

तर एका उन्हाळ्यात आमची कडब्याची गंजी पेटवली. शेजारच्या दाजीनं, बांधाच्या भांडनावरनं, सगळ्या गावाला ठावं. म्हस उपाशी ठिवायची कशी, म्हनून इकली. देवळातले पाळकसाहेब म्हनले, रत्नाबाई, माफ करा. केलं म्हनल्या. पर देवळात प्रभुभोजनाला, येशूच्या आठवनीत भाकर वाटत्यात तवा, ताट आलं की न घेताच माझ्याकडं सरकवायच्या. बाया कुजबुजायच्या, म्हातारीनं काय पाप केलंय. शेवटी मीच इचारलं, आत्याबाई, असं का. म्हनल्या, तोंडानं माफ केलंय गं, पर त्यो दिसला की अजून पोटात भडका हुतोय, मग मनात राग धरून ती भाकर घिऊ कशी. घेतली असती तर कुनाला कळलं बी नसतं, पर देवाफुडं खोटं न्हाई म्हंजी न्हाई.

म्होरल्या उन्हाळ्यात दाजीचा कडबा रानात पडलेला, वर वळवाचं आभाळ. गावात एकमेकाच्या कामाला जायची रीत, पर दाजी सगळ्यांशी भांडलेला, कोन यील? सासूबाई बांधावर लय येळ उभ्या ऱ्हायल्या, मग पदर खोचला आन् गेल्या. एरवी बाई गंजीवर चढत न्हाई, पर सासरे वारल्यापास्नं आमची गंजी त्याच रचायच्या. सरळ वर चढल्या. मागनं मी बी गेले, रागारागानंच. दाजी पेंढी हातात धरून तसाच उभा. मान खाली घालून म्हनला, आवं रत्नाबाई, तुमची गंजी मीच पेटवली हुती.

सासूबाई म्हनल्या, ठावं हाय. पेंढी द्या वर.

रविवारी देवळाला जाताना दाजी दिसला. सासूबाई म्हनल्या, ह्यो लंगडतोय का गं, तेल दिलं पायजे ह्याला चोळाया. आन् त्या दिवशी ताट आलं तवा त्यांनी भाकर घेतली, डोळं मिटून सावकाश खाल्ली. मलाच रडू आलं.

आता त्यांना जाऊन लय वर्सं झाली. माझी सून इचारती, येवढं सोसून त्या गप कशा ऱ्हायल्या वं? मी सांगते, गप कुठल्या गं, वरीसभर भांडत हुत्या, सोताशीच. बसा, च्या घिऊन जावा, देव तुमचं भलं करो.