फाटका सदरा कुणी घालायचा

सिनेमात मी भिकारी कसा झालो, हे लोक अजून विचारतात. दोष माझ्या गिऱ्हाइकाचा. अनाथ पोरं मोठी होऊन नाव काढतात, अशी गोष्ट घेऊन एक कंपनी भोरला आली होती. बिरा धनगर आईबापाविना, लोकांची मेंढरं राखत वाढलेला. एकदा पडद्यावर दिसायचं, एवढीच त्याची हौस. माझ्याच दुकानातलं कोरं धोतर आणि गुलाबी पटका घालून तो निघाला, मी गंमत बघायला सोबत.

डायरेक्टरनं त्याच्यापुढं फाटका सदरा धरला. "भिकाऱ्याचं काम आहे."

बिरा म्हणाला, "सायेब, फाटक्यातच वाढलो. तवा गावानं फुकट बघितलं. आता तिकीट लावून तेच दावू व्हय?"

"मग दुसरं काम नाही."

"न्हाई तर न्हाई." पटका सावरत तो चालू लागला. ती ऐट बघून डायरेक्टरनं हाक मारली, "थांबा, तुम्ही सावकार व्हा." आणि सदरा घेऊन तो माझ्याकडं वळला.

पुढं तंबूत खेळ लागला. पडद्यावर बिरापुढं मी हात पसरून उभा. मागून उत्रोली गावचा एकजण म्हणाला, "शेठ, काम लई झ्याक. पर ह्ये तर तुमी रोज दुकानात करताच की."