मुहूर्तावर बसवलेलं रडार

मामाला देवमाणूस म्हणता ना तुम्ही? मग ऐका. शिवडीला एका शिडाच्या बोटीवर, मागच्या टोकाला खांब उभारून रडार बसवायचं होतं. मामा मिस्त्री, मी त्याच्या हाताखाली. मी म्हटलं, "मामा, आधी शीड उघडून बघू. त्याची आडवी काठी फिरली की खांबाला लागेल."

"कॉलेज सोडलंस नि माका शिकवतंस? मुहूर्त टळतलो!"

नारळ फुटला, बोट निघाली. पहिल्याच वळणावर काठी फिरली आणि रडार थेट पाण्यात.

मालक ओरडला, "खांब कोणी लावला?"

"भाच्याने," मामा म्हणाला. "सगळं अर्धवट सोडायची सवयच आहे साहेब त्याला."

माझं काम गेलं. घरी आईने मलाच मामाच्या पाया पडायला लावलं. त्याने आशीर्वादही दिला, "शाणो हो."