पाठीवरच्या गांधी

कल्पना : 'सुधारणा आहे' असं लिहू नका. तसलं पत्र मी घेऊन जाणार नाही.

डॉ. विद्यालक्ष्मी : मी मनानं लिहितें की काय, कल्पनाबाई? तुमचीच वही, तुमचंच अक्षर. इंजेक्शन सुरू केलं तेव्हा अंगावरच्या गांधींच्या रकान्यात रोज 'तीन', म्हणजे पन्नासावर. आता रोज 'एक', म्हणजे विसाच्या आत.

कल्पना : आणि खाजेचा रकाना? तिथं पहिल्या दिवसापासून तीनच आहेत.

डॉ. विद्यालक्ष्मी : तेच तर. गांधी गेल्या, खाज तेवढीच. अशी खाज मनात असते.

कल्पना : मनात! रात्रभर अंग ओरबाडते ते मनात?

डॉ. विद्यालक्ष्मी : तुमचं रक्त पाहून मी पहिल्याच दिवशी सांगितलं, ह्या इंजेक्शनानं तुम्हास गुण येणार. वीस वर्षं हेच पाहतें मी. माझा अंदाज सहसा चुकत नाही.

कल्पना : म्हणजे तुमचा अंदाज चुकू नये म्हणून मी बरी व्हायचं.

डॉ. विद्यालक्ष्मी : भांडायला आलात काय? गुण नाही म्हटलं तर पुढच्या गोळ्या द्याव्या लागतात. त्यास किडनी, बीपी, अस्कं सगळं तपासावं लागतं. उगाच देत नाही मी.

कल्पना : तपासा ना! तेच मागतेय. हे पत्र इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात गेलं की सोमवारी मला परत रबराच्या प्रेसवर उभं करतील. मागं त्याच उकाड्यात ओठ-डोळे सुजून पडले होते. पॅकिंगमध्ये बसवलंय तर जरा जगतेय.

डॉ. विद्यालक्ष्मी : मी वहीत आहे ते लिहितें. एप्रिलच्या अठरा तारखेपर्यंत तीन, एकोणीसपासून एक. एका दिवसात! औषध इतकं लख्ख लागू पडलेलं मी क्वचित पाहिलं.

कल्पना : एकोणीसला काय झालं, विचारलंत?

डॉ. विद्यालक्ष्मी : काय झालं?

कल्पना : काही नाही. लिहा तुम्ही.

डॉ. विद्यालक्ष्मी : अय्यो, सांगा तरी! बाहेर आठ जण बसलेत.

कल्पना : गांधी कोण मोजायचं ते विचारा.

डॉ. विद्यालक्ष्मी : तुम्ही. दुसरं कोण?

कल्पना : हातापायाच्या मी. पाठीच्या माझा नवरा, सिद्धार्थ. तुम्हीच म्हणाला होता ना, अंगभर मोजा? जेवणं झाली की मी त्याच्याकडं पाठ करून बसायचे, तो बोट टेकवत मोजायचा. माझ्या निम्म्याहून जास्त पाठीवरच असतात. एकोणीसला म्हणाला, किळस येते. अंथरूण हॉलमध्ये नेलं. तेव्हापासून मला दिसतात तेवढ्याच लिहिते.

डॉ. विद्यालक्ष्मी : मग मजला सांगायचं नाही? फोटो काढायचा होता!

कल्पना : मोबाइल पाठीमागं धरून बघा एकदा. अर्धी मान येते, अर्धी भिंत. आणि नवरा वेगळा झोपतो, हे कुठल्या रकान्यात लिहू?

डॉ. विद्यालक्ष्मी : दहा आठवडे फसवलंत मला. ह्या आकड्यांवर मी...

कल्पना : मी फसवलं? तीनदा आले इथं. सिस्टर दंडात सुई टोचते, तुम्ही वही चाळता. माझी पाठ एकदा तरी बघितलीत? किळस यायला का होईना, त्यानं बघितली तरी होती.

डॉ. विद्यालक्ष्मी : ...दार लावा.

कल्पना : कशाला?

डॉ. विद्यालक्ष्मी : लावा म्हणतें ना. आणि स्टुलावर बसा, पाठ इकडं करून. आधी हातापायाच्या मोजतें, मग पाठीच्या. पन्नासावर गेल्या तर पत्र फाडीन. कमी भरल्या तर हेच घेऊन जायचं. सेरी, कबूल?

कल्पना : मोजा.

(कल्पना पाठमोरी बसते.)

डॉ. विद्यालक्ष्मी : हातापायाच्या सोळा झाल्या. आता पाठ. सतरा, अठरा... हलू नका. बोट लागतं ते चालेल ना?

कल्पना : ...लागू द्या.

डॉ. विद्यालक्ष्मी : ...एकोणपन्नास, पन्नास, एकावन्न.

कल्पना : झाल्या ना पन्नास? फाडा आता ते पत्र.

डॉ. विद्यालक्ष्मी : फाडतें. बसा गप्प. कंबरेच्या राहिल्यात अजून.