मुकुटाच्या वाटेतील वायर

आमच्या देवस्थानचे व्यवस्थापक भाऊ किती श्रद्धाळू आहेत, ते ऐका. देवळाच्या रंगमंचावर दशावतारी नाटक होते आणि आवरण फाटलेली दिव्यांची वायर मधोमध लोंबत होती. मी म्हटले, “भाऊ, ती वर आढ्याला बांधून घ्या. विष्णूचा मुकुट टेकेल तिला.”

“देव राखता. काय्येक होवचा नाय,” भाऊ म्हणाले.

इतक्यात विष्णूचे सोंग घेतलेले नट मुकुट चढवून आले. मुकुट चढला की आम्ही नटाला देवच मानतो. भाऊंनी त्यांच्या पायांवर मस्तक ठेवले.

वरून शांत स्वर आला, “भाऊ, आज राखणारो देव मीच आसंय. आणि माका त्या वायरीची भीती वाटता.”

भाऊंनी मस्तक न उचलताच हाक दिली, “मेन बंद करा रे, शिडी हाडा.”