उत्तर उशिरा आलं

—न्हाय हो समतावहिनी, तसं न्हाय, बसा की आधी! तुमच्या नवऱ्याला मी अडकवलं असं कोण म्हणालं? पोलिसांनी विचारलं, भट्टीचे नियम कुणी लिहिले — मी दीपंकरचं नाव सांगितलं. खोटं सांगू? भट्टीवरचा कामगार महादेव गेला, उकळतं लोखंड अंगावर आलं — चिकोडीहून बायको आली, तिला त्याचं तोंडसुद्धा बघता आलं न्हाय — कुणाला तरी धरणारच की!

सोप्यात सांगतो. भट्टी चालवणाऱ्या आमच्या सॉफ्टवेअरचे दोन भाग. मुख्य प्रोग्राम माझा — क्लास, मेथड, सगळं कंपाइल करून बंद, आत काय लिवलंय कुणाच्या बापाला वाचता येत न्हाय. आणि दीपंकरची स्क्रिप्ट — साधी उघडी फाईल, वर त्याचं नाव. प्रत्येक फाउंड्रीचे नियम वेगळे, म्हणून ते स्क्रिप्टमध्ये ठेवायची आमची पद्धत. लोखंड ओतायला भट्टी कलंडायच्या आधी माझी मेथड, म्हणजे प्रोग्रामातला हुकूम सोडणारा तुकडा, स्क्रिप्टला विचारती — ओतू का? मग स्क्रिप्ट एकेक ओळ वाचत बसती, सेन्सर बघती, तवा कुठं सांगती. लई सावकाश! फाउंड्रीचा मालक रोज फोनवर शिव्या घालायचा, भट्टी अडती म्हणून. काय करायचं आम्ही? त्या दिवशीबी तिनं सांगितलंच की, "नको, समोर माणूस हाय" — चुकली न्हाय हो ती! पण उत्तर उशिरा आलं, तोवर मेथडनं होकार धरला — वेळेत उत्तर न्हाय आलं तर ओतायचं, असंच बसवलेलं — दीपंकर नको नको म्हणत होता, मीच म्हटलं, गप रं, गिऱ्हाईक जाईल—

म्हणजे... तसं न्हाय. माझ्या जागी कुणीबी तेच केलं असतं.

असं काय बघतायसा? तुम्हाला त्यातलं काय कळतंय — काय? कॉलेजात हेच शिकवतासा? दीपंकर बोलला न्हाय कधी! बरं, हे बघा — जामीन मी करतो, वकील मी देतो, त्यानं फक्त चूक कबूल करावी. परत कामावर घेतो, आईशपथ! माझ्या पोरीचं, श्रद्धाचं लग्न ठरलंय हो, माझं नाव आलं तर सोयरे तोंड फिरवतील — वहिनी? उठलासा का? ठाण्यात? जावा की! सांगा जावा! कोण ऐकणार तुमचं? त्या बंद प्रोग्रामात त्यांना काय दिसणार? मूळ कोड एकट्या माझ्याजवळ होता. सकाळीच पुसला मी.

जावा आता. खाली खडेबाजारात गर्दी हाय, बघून जावा.